घाण्याची पेंड ताटात आणताना: सोलापूर जिल्ह्यातल्या एका बचत गटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात बायकांच्या बचत गटाने लाकडी घाणा टाकला. ओळख पटू नये म्हणून नाव-गाव इथे वगळलं आहे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान मिळतं. त्याला बँकेच्या कर्जाची जोड देऊन शेड आणि घाणा उभा राहिला. तेल खपत होतं. घाण्याचं तेल म्हटलं की शहरातलं गिऱ्हाईक दोन पैसे जास्त मोजतं, आणि बाटल्यांचा हिशोबही गटाच्या अंगवळणी पडला होता. बसत नव्हता तो पेंडीचा हिशोब.

100 किलो शेंगदाण्यांतून घाण्यावर साधारण 40 किलो तेल निघतं. गाळ आणि घट सोडली तर 58 किलोच्या आसपास पेंड उरते. वजनाने पाहिलं तर हा धंदा तेलापेक्षा पेंडीचाच मोठा. ही पेंड गावातले दूधवाले न्यायचे, दाण्यांच्या निम्म्याहून कमी भावात आणि बरीचशी उधारीवर. पावसाळ्यात उचल मंदावली की पोती शहाबादी फरशीवर भिंतीला टेकून महिनाभर पडून राहायची.

गटातल्या एका सदस्येच्या बीएस्सी झालेल्या सुनेने मोबाइलवर ‘पीनट प्रोटीन पावडर’चे भाव पाहिले आणि मासिक बैठकीत विचारलं, “आपली पेंड म्हणजे हेच ना? मग आपण ती म्हशीला का घालतोय?” बैठकीत हसू झालं, पण प्रश्न सगळ्यांच्या डोक्यात राहिला. पेंड दळून लाडू आणि थालीपिठाची भाजणी करायची, तालुक्याच्या गावातल्या व्यायामशाळा, किराणा दुकानं आणि जमलं तर अंगणवाड्या धरायच्या, असा बेत ठरला. या टप्प्यावर मला सल्ल्यासाठी बोलावण्यात आलं.

पेंडीत काय असतं

सुनेचं गणित पोषणाच्या बाजूने चुकीचं नव्हतं. शेंगदाण्यात साधारण 25 टक्के प्रथिनं आणि 48 टक्के तेल असतं. तेल निघून जातं, प्रथिनं मागे राहतात. 100 किलो दाण्यांतली 25 किलो प्रथिनं 58 किलो पेंडीत एकवटली की त्यांचं प्रमाण 40 टक्क्यांच्या पुढे जातं. घाणा सगळं तेल काढत नाही, त्यामुळे पेंडीत 13-14 टक्के तेल उरतं. ते चवीला बरं आणि टिकण्याला वाईट. त्याकडे पुढे येतेच.

आणखी एक गोष्ट पेंडीतच राहते, ती म्हणजे नायसिन हे ब गटातलं जीवनसत्त्व. ते तेलात उतरत नाही. आपल्या भागात याचं महत्त्व जास्त आहे. ज्वारी हेच मुख्य अन्न असलेल्या दख्खनच्या गरीब वस्त्यांमध्ये पेलाग्रा हा नायसिनच्या कमतरतेचा आजार आढळायचा, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन यांच्या काळात त्यावर बरंच काम झालं. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी खाण्याची सोलापूरकरांची सवय पोषणाच्या दृष्टीनेही शहाणपणाची आहे, असं माझं मत आहे.

पेंडीचं पीठ माणसाला खाऊ घालण्याची कल्पनाही नवी नाही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने 1950 च्या दशकात ‘मल्टिपर्पज फूड’ तयार केलं, त्यात तीन भाग तेल काढलेल्या शेंगदाण्याचं पीठ आणि एक भाग हरभऱ्याचं पीठ होतं. हरभरा चवीसाठी घातलेला नव्हता. शेंगदाण्याच्या प्रथिनांत लायसिन हा प्रथिनांचा एक आवश्यक घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. गटाचा पहिला बेत मात्र ज्वारी आणि पेंड एवढाच होता. ज्वारीतही लायसिन कमीच, म्हणजे लंगड्याला पांगळ्याचा आधार. दोन्ही मिळून प्रथिनांचा आकडा वाढतो, दर्जा फारसा वाढत नाही. म्हणून भाजणीत फुटाण्याची डाळ घालायचं पहिल्याच दिवशी ठरलं. थोडे तीळही घेतले, कारण शेंगदाण्यात मेथिओनिन हा तसाच दुसरा घटकही बेताचाच असतो आणि तिळात तो चांगला असतो.

अडचण

एवढ्या गुणांची वस्तू पन्नास-साठ वर्षं गोठ्यातच का राहिली, याचं कारण बुरशी. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखाहून जास्त टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेता घेता धागा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोचला, आणि त्या पेंडीतल्या बुरशीने तयार केलेल्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळालं. आपल्याकडे 1974 मध्ये पंचमहाल आणि बांसवाडा भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून जास्त माणसं दगावली, ती याच विषाने. मोठा डोस यकृत बंद पाडतो. रोजचा थोडा थोडा डोस वर्षानुवर्षं पोटात गेला तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

ही बुरशी मातीतच असते. शेंगा भरताना पाण्याचा ताण पडला, काढणीनंतर परतीच्या पावसाने शेंगा भिजल्या, किंवा दाणे ओलसर असतानाच पोत्यात भरले, की तिचं फावतं. भाजल्याने विष थोडं कमी होतं, नाहीसं होत नाही. ते पुरतं मोडायला लागणारं तापमान कुठल्याही कढईत मिळत नाही. आणि ते सगळ्या पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. हजारात एखादा दाणा जबर विषारी आणि बाकीचे चांगले, असंही असू शकतं. त्यामुळे वरून मूठभर दाणे काढून केलेल्या तपासणीला फारसा अर्थ नसतो.

गटाने बाजारातून घेतलेल्या खरिपाच्या दाण्यांची एक खेप प्रयोगशाळेत पाठवली. अहवाल आला किलोमागे 8 मायक्रोग्रॅम. खायला तयार शेंगदाण्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा 10 आहे. शेडमध्ये आनंदीआनंद झाला. मी त्याच खेपेची पेंडही तपासून घ्यायला सांगितलं. तो अहवाल 14 आला.

इथेच घोडं पेंड खात होतं. अफ्लाटॉक्सिन तेलात फार थोडं जातं, बहुतेक सगळं पेंडीला चिकटून राहतं. प्रथिनं ज्या हिशोबाने एकवटतात, त्याच हिशोबाने विषही एकवटतं. 8 ला 0.58 ने भागलं की 14 येतं. प्रयोगशाळेने काही वेगळं सांगितलेलंच नव्हतं. दाणे पास, पेंड नापास.

पहिला वादाचा मुद्दा

अध्यक्षताईंनी नियमाचा कागद पुढे ठेवला. “मॅडम, पुढच्या प्रक्रियेसाठीच्या दाण्यांना 15 ची मर्यादा आहे. आपलं 14 आहे. बसतंय की.” त्या वाचून आल्या होत्या आणि त्यांचं वाचन बरोबर होतं. पुढे निवड, सफाई होणार असेल अशा मालासाठी 15 आणि तसाच तोंडात जाणाऱ्या मालासाठी 10, असे दोन आकडे आहेत. पण पेंडीचा लाडू वळल्यानंतर त्यातलं विष कमी करणारी कोणतीच पायरी उरत नाही. वेचायची संधी दाणा अख्खा असतानाच असते, पेंड झाल्यावर वेचणार काय?

दुसरी सूचना आली ती मिसळणीची. लाडवात पेंड 15 टक्केच जाणार, म्हणजे लाडवाचा अहवाल 2-3 च्या आसपास येईल. हे गणितही बरोबर. तरीही मी विरोध केला. दूषित माल चांगल्यात मिसळून आकडा खाली आणायचा, ही सवय एकदा लागली की पुढच्या वर्षी 40 ची पेंडही त्यात बसते. बैठकीत यावर बराच वेळ गेला आणि शेवटी मुद्दा अंगणवाडीच्या नावावर सुटला. दहा-बारा किलो वजनाचं पोर रोज तोच लाडू खाणार. आपल्या नातवाला द्याल का, असं एका मावशींनीच विचारलं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता आहे तसं चालू ठेवायचं आणि पेंड गोठ्यालाच घालायची. हा सुरक्षित वाटतो, पण तो पूर्ण सुरक्षित नाही. गाईम्हशींनी अफ्लाटॉक्सिन खाल्लं की त्याचा एक भाग एम1 या रूपात दुधात उतरतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या देशव्यापी दूध सर्वेक्षणात 6,432 नमुन्यांपैकी 368 मध्ये, म्हणजे 5.7 टक्क्यांमध्ये, एम1 मर्यादेच्या वर सापडलं होतं. म्हणजे खराब पेंड म्हशीला घातली तरी ती फिरून आपल्याच कपात येते.

दुसरा पर्याय, मोठ्या सॉल्व्हंट प्लँटमधून, म्हणजे द्रावक रसायनाने तेल काढणाऱ्या कारखान्यातून, तेल पूर्ण काढलेली पेंड आणून तिचे पदार्थ करायचे. ती स्वस्त असते, पण बाजारात मिळणारी बहुतेक पशुखाद्याच्या प्रतीची. माणसांसाठीच्या पिठाचे निकष वेगळे आहेत, आणि गटाची स्वतःची पेंड मग पडूनच राहणार. हा पर्याय कोणी फार वेळ धरला नाही.

तिसरा पर्याय एका व्यापाऱ्याने सुचवला: पेंड त्याला द्यायची, तो चटणीवाल्यांना पुरवणार. शेंगाचटणी खलात कुटताना तिला तेल सुटायला हवं. पेंड मिसळलेली चटणी कोरडी, भुरभुरीत राहते, मग वरून तेल घालून ती चमकवतात. लेबलवर मात्र शेंगदाणेच. हा धंदा चालतो हे सगळ्यांना माहीत होतं. गटाने नकार दिला, आणि तो देताना पैसे सोडले हेही नोंदवायला हवं.

चौथा पर्याय सगळ्यात कटकटीचा: खाण्याची पेंड आणि गोठ्याची पेंड यांची वाट पहिल्यापासून वेगळी करायची. वेगळी खरेदी, वेगळी निवड, वेगळा घाणा-दिवस, वेगळी साठवण. तोच निवडला.

काय केलं

खरेदीपासून सुरुवात झाली. खाण्याच्या पेंडीसाठी बाजारचा दाणा बंद. जानेवारी-फेब्रुवारीत पेरलेला, मे-जूनमध्ये निघणारा, बागायती उन्हाळी भुईमूग आसपासच्या शेतकऱ्यांकडून शेंगांच्या रूपातच घ्यायचा. बागायतीमुळे शेवटच्या टप्प्यात पाण्याचा ताण पडत नाही आणि शेंगा मेच्या उन्हात वाळतात. धोका एकच, वळवाचा पाऊस. शेंगा ताडपत्रीवर वाळवायच्या आणि ढग दिसले की झाकायच्या, या अटीवर गटाने बाजारापेक्षा थोडा जास्त भाव कबूल केला. दाण्याची ओल 7 टक्क्यांच्या आत असल्याशिवाय पोतं शेडमध्ये घ्यायचं नाही, म्हणून एक ओलावा मोजायचं यंत्र घेतलं. त्याआधी शेंग कानाशी हलवून आवाज ऐकायची पद्धत होती. ती वाईट नाही, पण 7 आणि 9 टक्क्यांतला फरक कानाला कळत नाही.

मग निवड. चार बायका उंच टेबलाशी पांढऱ्या रेक्झिनवर दाणे पसरून बसायच्या. सुरकुतलेला, काळवंडलेला, फुटका, कोंब आलेला, साल सुटून आत पिवळट डाग दिसणारा, असा प्रत्येक दाणा बाजूला. जमिनीवर सूप घेऊन बसलं की उजेड कमी पडतो आणि हात सवयीने फक्त खडे वेचतो, हे पहिल्या काही दिवसांतच दिसलं. टेबल खिडकीखाली आणल्यावर वेचणीत पडणाऱ्या दाण्यांचं प्रमाण लगेच वाढलं. विष मूठभर खराब दाण्यांतच साठलेलं असल्यामुळे ही निवड हे सगळ्यात प्रभावी हत्यार आहे. मोठे कारखाने हेच काम रंग ओळखणाऱ्या यंत्रांकडून करून घेतात.

घाण्यावरही एक सवय बदलावी लागली. तेल लवकर सुटावं म्हणून घाणेवाले मधूनमधून पाण्याचा शिपका मारतात. त्या पाण्याने पेंड ओली होते आणि तशीच पोत्यात गेली की चार दिवसांत उबट वास येतो. शिपका पूर्ण बंद केला तर तेल कमी पडतं, म्हणून तो मोजून मारायचा आणि पेंड निघाली की लगेच फोडून, जाळीच्या ट्रेवर सोलर ड्रायरमध्ये टाकायची, असं ठरलं. पेंडीची खापरं हाताने मोडताना कडकन आवाज आला तर वाळली, वाकून तुटली तर परत ट्रेवर.

दळणाच्या वेळी पिठात कचकच लागली. माती दाण्यांबरोबर येत होती, आणि थोडी फरशीवरून गोळा केलेल्या पेंडीतूनही. घाण्याखाली स्टीलची परात आली आणि दाणे घाण्यात जाण्याआधी चाळणीतून दोनदा जाऊ लागले. गावातल्या मिरचीच्या डंकावर पेंड दळायची नाही हेही ठरलं. तिखटाचा वास लाडवाला येतो हे एक, आणि मिरचीलाही हीच बुरशी लागते हे दुसरं.

पीठ मंद आचेवर भाजलं की कच्चट वास जातो. खरपूस भाजण्याचा मोह टाळावा लागला, कारण रंग गडद होईतो भाजलं की आधीच कमी असलेलं लायसिन आणखी घटतं.

प्रमाण ठरवताना जिभेने निर्णय दिला. लाडवात पेंडीचं पीठ 30 टक्के घातलं तर घास टाळूला चिकटतो, पाण्याशिवाय उतरत नाही. 15 टक्क्यांना कोणाला कळलं नाही. भाजणीत दहावा हिस्सा बसला. नुसत्या ज्वारीच्या हिशोबाने सांगायचं तर 100 ग्रॅम पिठात 10 ग्रॅम प्रथिनं असतात, दहावा हिस्सा पेंडीचं पीठ घातल्यावर ती 13 च्या आसपास जातात. डाळ धरली तर आणखी.

नावाचा घोळ

पाकिटावर काय छापायचं यावरून एक बैठक रंगली. ‘पेंड’ म्हटलं की गिऱ्हाईक म्हणणार हे जनावरांचं. सुनेला ‘प्रोटीन पावडर’ हवं होतं, पण व्यायामशाळेत विकली जाणारी पावडर वेगळी, हे पीठ वेगळं. शेवटी घटकांच्या यादीत ‘अंशतः तेल काढलेल्या शेंगदाण्याचं पीठ’ असं स्पष्ट लिहिलं आणि शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीची सूचना ठळक छापली. ती कायद्याने लागतेच. गटातल्या सगळ्यात वयस्कर आजींना या चर्चेचंच नवल वाटत होतं. बहात्तरच्या दुष्काळात सुकडीच्या जोडीला पेंडही खाल्ली, तेव्हा कोणी नाव विचारलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. त्यावर एक जण हळूच म्हणाली, तेव्हा तपासणारंही कोणी नव्हतं.

परिणाम

निवडलेल्या उन्हाळी दाण्यांच्या पेंडीचे अहवाल 10 च्या बरेच खाली आले आणि तसेच राहिले. भाजणी चालली, सोलापुरातल्या दोन दुकानांत ती नियमित जाते. लाडू मात्र उन्हाळ्यात अडकले: पेंडीतल्या त्या 13-14 टक्के तेलाने दीड महिन्यात खवट वास धरला. आता लाडू दिवाळी ते होळी एवढेच होतात, आणि पीठ हवाबंद पाकिटात, गार जागी, थोडं थोडंच दळून ठेवतात. अंगणवाडीला पुरवायचा बेत गटाने स्वतःहून सोडला. वर्षभर प्रत्येक खेपेचा अहवाल देता येईल तेव्हा पाहू, असा ठराव नोंदवून.

खाण्याच्या वाटेवर जाणारी पेंड एकूण पेंडीच्या पाव हिश्शापेक्षाही कमी आहे. बाकीची अजूनही गोठ्यात जाते. फरक इतकाच की तीही आता वाळवून जाते, आणि संशय आलेली खेप तपासल्याशिवाय विकली जात नाही. पैशाच्या बाबतीत सांगायचं तर खाण्याच्या पेंडीला चांगला भाव मिळतो, पण शेंगांचा वाढीव भाव, निवडीची मजुरी आणि तपासणीचा खर्च वजा जाता हाती उरणारी रक्कम पहिल्या बैठकीत रंगवलेल्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. ज्या मालाला फुकटचा समजून हिशोब मांडला होता, तो या वाटेवर फुकटचा राहतच नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पाकिटं आधी छापून घेण्याची घाई टाळायला हवी होती. पहिल्या नावाची पाकिटं रद्दीत गेली. लाडवाऐवजी भाजणीने सुरुवात केली असती तर टिकण्याचा प्रश्न पहिल्याच हंगामात अंगावर आला नसता. दूध संकलन केंद्राशी आधीच बोलायला हवं होतं: दुधातल्या एम1 ची चिंता त्यांनाही आहे, आणि तपासणीचा खर्च वाटून घ्यायला ते कदाचित तयार झाले असते.

सगळ्यात अवघड राहिला तो वेचलेल्या दाण्यांचा प्रश्न. सगळ्या पोत्याचं विष जणू त्या एका गोणीत गोळा झालेलं असतं, आणि तिलाही गिऱ्हाईक आहे. तोच व्यापारी दोनदा येऊन भाव विचारून गेला. घाण्याचं तेल गाळलेलं असतं, शुद्धीकरण केलेलं नसतं, त्यामुळे त्या दाण्यांचं तेल काढून विकणंही बरं नाही. सध्या गोणी तोलून नोंद होते आणि दाणे भरडून, शेणकाल्यात मिसळून, गोठ्यापासून लांब खड्ड्यात पुरले जातात. शेजारच्या दोन घाणेवाल्यांसोबत मिळून रंग निवडणारं यंत्र घ्यायची बोलणी चालू आहेत, पण तिघांचे खराब दाणे कोणाच्या खड्ड्यात जाणार आणि त्यांचा तोटा कोण सोसणार, यावर ती अजून अडलेली आहेत.